पासवर्ड बदलला, पण घुसखोर गेला का?

जून २०२५मध्ये तब्बल १६ अब्ज पासवर्ड उघड झाल्याची बातमी जगभर पसरली. भारतातही ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने नागरिकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पुढे स्पष्ट झाले की हा कोणत्याही एका कंपनीवर पडलेला नवा दरोडा नव्हता. गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणांहून फुटलेली आणि लोकांच्या संगणकांत शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमनी गोळा केलेली माहिती एका जागी आली होती. आकड्याचा धसका ओसरला, काहींनी पासवर्ड बदलले आणि विषय मागे पडला. पण ज्यांच्या ई-मेल खात्यात आधीच कोणी शिरून बसले आहे, त्यांचे काम तेवढ्याने भागते का? नाही भागत. पासवर्ड हे खात्याचे पुढचे दार आहे. खाते जाते आणि परत मिळते ते बहुतेक वेळा मागच्या दाराने, आणि त्या दाराकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

ई-मेल खाते गेल्याची खंत अनेकांना सुरुवातीला वाटत नाही. ‘माझ्या मेलमध्ये आहे काय? जाहिराती आणि विजेची बिले,’ असे म्हणून ते सोडून देतात. प्रत्यक्षात बँकेची विवरणे, प्राप्तिकराच्या नोटिसा, विम्याच्या पॉलिसी, मुलांच्या प्रवेशाची कागदपत्रे, पॅन आणि आधारच्या प्रती तिथेच पडून असतात. गेल्या काही वर्षांत त्यात आरोग्याची भर पडली आहे. पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल, रुग्णालयाचा डिस्चार्ज कार्डाचा कागद, मेडिक्लेमचा पत्रव्यवहार, सगळे मेलवरच येते. एखाद्याचा मधुमेह, मानसोपचार किंवा गर्भधारणेची तपासणी ही गोष्ट पासवर्डसारखी बदलता येत नाही. एकदा ती नको त्या हातात गेली की गेली.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. जवळपास प्रत्येक संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलात?’ असा दुवा असतो आणि तो दाबला की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक ई-मेलवर येते. म्हणजे ज्याच्या हाती ई-मेल, त्याला खरेदीची, समाजमाध्यमांची, विम्याची खाती वेगळी फोडावी लागत नाहीत. तो ती एकेक करून मागवून घेऊ शकतो.

आत शिरल्यावर काय घडते?

गूगलच्या संशोधकांनी २०१४मध्ये याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राने नव्हे, तर माणसांनी हाताने बळकावलेल्या खात्यांचा तो अभ्यास होता. फसव्या पानावर पासवर्ड टाकला गेल्यापासून ३० मिनिटांच्या आत सुमारे २० टक्के खात्यांत चोर शिरलेले आढळले. आत गेल्यावर ते सरासरी ३ मिनिटे पाहणी करत. बँकेतील व्यवहार, पैसे पाठवल्याच्या नोंदी असे शब्द मेलच्या शोधपेटीत टाकून खात्यात ‘माल’ आहे की नाही हे तपासत. असेल तर पुढचे काम सुरू होई.

पुढचे काम म्हणजे ओळखीच्या लोकांना मेल पाठवणे. परदेशात अडकलो आहे, पाकीट चोरीला गेले, तातडीने पैसे हवेत, अशा मजकुराचे हे मेल. ते खऱ्या पत्त्यावरून येत असल्यामुळे काका, मावशी, जुने सहकारी यांना शंका येत नाही. या अभ्यासानुसार, बळकावलेल्या खात्याच्या संपर्कयादीतील लोकांचे खाते जाण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत ३६ पट जास्त होती. संसर्गजन्य आजाराप्रमाणे इथेही एकाची लागण घरातल्या आणि कार्यालयातल्या दुसऱ्याला होते.

याच वेळी चोर स्वतःची सोय करून ठेवतो. येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत आपल्या पत्त्यावर जाईल अशी फॉरवर्डिंगची व्यवस्था करतो. बँकेचे किंवा सुरक्षेचे इशारे थेट कचरापेटीत जातील असा फिल्टर लावतो. उत्तर देणाऱ्याचा मेल एका अक्षराने वेगळ्या, पण दिसायला तशाच पत्त्यावर जाईल असे करतो. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक बदलतो. मालकाने नंतर पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंग आणि फिल्टर जागच्या जागी राहतात. अशा वेळी मालकाला खाते ताब्यात आल्यासारखे वाटते आणि त्याच्या पत्रव्यवहाराची प्रत मात्र दुसरीकडे जात राहते.

मागचे दार

खाते कोणाचे आहे, हे कंपनी कसे ठरवते? तिच्याकडे मालकाचा चेहरा नसतो. खाते उघडताना किंवा नंतर दिलेला पर्यायी ई-मेल, मोबाइल क्रमांक, नेहमीचे उपकरण, नेहमीचे ठिकाण एवढ्यावरच तिचा निर्णय होतो. पासवर्ड विसरलेला मालक आणि मालक असल्याचे सोंग घेतलेला चोर, दोघेही याच दाराशी येतात.

हे दार किती कच्चे असू शकते, ते २००८मध्ये अमेरिकेत दिसले. अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सारा पेलिन यांचे याहू खाते एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उघडले. त्यासाठी त्याने कोणतेही तांत्रिक कौशल्य वापरले नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि जोडीदाराची भेट कुठे झाली, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्याने इंटरनेटवर शोधली आणि पासवर्ड बदलून घेतला.

२०१२च्या ऑगस्टमध्ये मॅट होनन या अमेरिकी तंत्रज्ञान पत्रकाराच्या बाबतीत साखळीच उलगडली. चोरांनी आधी अ‍ॅमेझॉनच्या मदत केंद्राला फोन करून त्याच्या खात्यात प्रवेश मिळवला आणि तिथे दिसणारे क्रेडिट कार्डाचे शेवटचे ४ अंक घेतले. तेच ४ अंक आणि घरचा पत्ता अ‍ॅपलच्या मदत केंद्राला ओळख म्हणून पुरले. अ‍ॅपलचा ई-मेल हाच जीमेलचा पर्यायी पत्ता होता, त्यामुळे जीमेलही गेले. तासाभरात त्याचे गूगल खाते पुसले गेले आणि फोन, आयपॅड, लॅपटॉप यांतील माहिती दुरून नष्ट करण्यात आली. त्यात लहान मुलीचे फोटोही होते. पुढे बराच डेटा महागड्या प्रयत्नांनी परत मिळाला आणि दोन्ही कंपन्यांनी फोनवरून ओळख पटवण्याचे नियम कडक केले. या सगळ्यात होननचा पासवर्ड कोणी ओळखलेला नव्हता. एका कंपनीला बिनमहत्त्वाची वाटलेली माहिती दुसऱ्या कंपनीत किल्ली म्हणून चालली होती.

‘आवडता पदार्थ कोणता?’ यांसारख्या गुप्त प्रश्नांचा भरवसाही गूगलच्याच २०१५च्या अभ्यासाने संपवला. इंग्रजी बोलणाऱ्या वापरकर्त्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता जवळपास २० टक्के निघाली. उलट, अमेरिकेतील इंग्रजीभाषक वापरकर्त्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचे उत्तर आठवले नाही. चोराला सोपे आणि मालकाला अवघड असे ते कुलूप होते.

मागचे दार नीट असले तर मात्र तेच मालकाच्या कामी येते. २०१४च्या अभ्यासात मोबाइलवर एसएमएस मागवून खाते परत मिळवण्याचे प्रयत्न सुमारे ८१ टक्के वेळा यशस्वी झाले, पर्यायी ई-मेलमार्गे ७५ टक्के वेळा. ज्यांना गुप्त प्रश्न किंवा हाताने होणाऱ्या तपासणीवर अवलंबून राहावे लागले, त्यांचे यश १४ टक्क्यांवर अडकले. खाते परत मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी चोरी होण्याआधीच ठरलेले असते.

जुना क्रमांक, नवा मालक

भारतात या दाराची एक खास अडचण आहे. इथे मोबाइल क्रमांक हीच ओळख झाली आहे आणि क्रमांक बदलणेही तितकेच सोपे आहे. बंद पडलेला क्रमांक कायमचा बाद होत नाही. किमान ९० दिवसांनंतर तो नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सांगितले होते. नोकरीसाठी गाव किंवा देश सोडताना जुने सिम टाकून दिले आणि ई-मेल खात्यातला क्रमांक मात्र तोच राहिला, तर खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात जाते. आखाती देशांत, युरोप-अमेरिकेत गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी ही एक गोष्ट आवर्जून तपासायला हवी.

पर्यायी ई-मेलचेही तसेच. याहूने २०१३मध्ये वर्षभर न वापरलेली नावे इतरांना खुली केली होती. गूगलने डिसेंबर २०२३पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली. महाविद्यालयात असताना उघडलेला पत्ता आज पर्यायी म्हणून नोंदलेला असेल, तर तो अजून जिवंत आहे का, हे पाहावे लागेल.

सिमची बनावट अदलाबदल हा तिसरा मार्ग. चोर ग्राहक असल्याचे भासवून त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळवतो आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. याला आवर घालण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२२मध्ये सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४पासून सिम बदलल्यानंतर ७ दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. त्यामुळे फोनची रेंज अचानक आणि कारणाशिवाय गेली, तर नेटवर्कला दोष देत बसण्यापेक्षा दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारणे शहाणपणाचे.

परत मिळवताना क्रम महत्त्वाचा

खाते गेल्याचे कळले की पहिला झटका पासवर्ड बदलण्याचा असतो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पासवर्ड गेला कुठून? संगणकात चोरटा प्रोग्रॅम बसलेला असेल, तर त्याच संगणकावर टाकलेला नवा पासवर्डही पाच मिनिटांत तिकडे पोहोचेल. म्हणून संशयित संगणक बाजूला ठेवून, ज्यात हे खाते आधीपासून सुरू आहे अशा स्वच्छ फोनवरून, घरच्या नेहमीच्या इंटरनेटवरून प्रयत्न करावा. कंपन्यांची यंत्रणा ओळखीचे उपकरण आणि ओळखीचे ठिकाण यांना वजन देते. सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या लॅपटॉपवरून केलेले दहा प्रयत्न उलट संशय वाढवतात.

वेळही महत्त्वाचा आहे. चोराने पर्यायी क्रमांक किंवा ई-मेल बदलला तरी गूगल साधारण ७ दिवस जुन्या तपशिलांच्या आधारे खाते परत मिळवण्याची संधी देते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरक्षेचे सगळे तपशील एकदम बदलले गेले, तर ते लागू होण्याआधी ३० दिवसांचा अवधी असतो आणि त्या काळात खरा मालक बदल रद्द करू शकतो. ‘रविवारी निवांत बघू’ म्हणण्याने ही मुदत हातची जाते.

खाते उघडले की पासवर्ड बदलावा आणि लगेच सर्व उपकरणांवरून साइन आउट करावे. हा टप्पा आवश्यक आहे, कारण एकदा लॉगिन झाले की ब्राउझरमध्ये एक छोटी फाइल राहते आणि तिच्या जोरावर पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. चोरटे प्रोग्रॅम हीच फाइल उचलतात. मग ओटीपीचीही अडचण त्यांना येत नाही. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणचे लॉगिन तुटते, पण सगळेच तुटते असे गृहीत धरू नये.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पर्यायी क्रमांक आणि ई-मेल आपलेच आहेत का? फॉरवर्डिंगमध्ये परका पत्ता आहे का? आपण न लावलेला फिल्टर आहे का? उत्तराचा पत्ता आणि सहीचा मजकूर बदलला आहे का? खाते वाचण्याची परवानगी कोणत्या अ‍ॅपना दिलेली आहे? लॉगिनसाठी कोणी आपला फोन किंवा पासकी जोडून ठेवली आहे का? जे ओळखीचे नाही ते काढून टाकावे. पाठवलेल्या मेलची आणि कचऱ्याची पेटीही चाळावी. कोणत्या संकेतस्थळांवरून पासवर्ड बदलण्याच्या लिंक मागवल्या गेल्या, याचा माग तिथेच लागतो. ती खाती, आणि सर्वांत आधी बँक, त्याच दिवशी सुरक्षित करायला हवी. संपर्कातील लोकांना फोन करून किंवा संदेश पाठवून सावध करणे हा या उपचाराचाच भाग आहे. लाजेपोटी तो टाळला की नुकसान दुसऱ्याच्या घरी होते.

याच धावपळीत दुसरी फसवणूक होते. इंटरनेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’ असे शोधले की सापडणाऱ्या क्रमांकांवर बसलेले लोक पैसे घेऊन खाते परत देण्याचे आश्वासन देतात, फोनवर दुसरे अ‍ॅप टाकायला सांगतात आणि ओटीपी विचारतात. अशा कोणत्याही सेवेशी आपला संबंध नसल्याचे गूगलने स्पष्ट केले आहे. खाते परत मिळवण्याचे कंपनीचे स्वतःचे पान विनामूल्य आहे.

कुंपण कशाचे घालावे?

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा जुना सल्ला आता शास्त्रीय मानला जात नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७मध्येच ठरावीक काळाने सक्तीचा बदल नको, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा जरूर बदला, अशी भूमिका घेतली. सक्ती केली की लोक शेवटी १च्या जागी २ टाकतात, एवढेच होते. खरा दोष एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्यात आहे. ‘२३अँडमी’ या जनुकीय तपासणी करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत २०२३मध्ये हेच घडले. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून चोर सुमारे १४ हजार खात्यांत शिरले आणि नातेवाईक शोधण्याच्या सुविधेमुळे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. त्यातील बहुतेकांचा स्वतःचा पासवर्ड शाबूत होता. दूरच्या भावंडाच्या निष्काळजीपणाची किंमत त्यांनी मोजली.

पासवर्डच्या जोडीला दुसरा टप्पा असणे अनिवार्य मानायला हवे. पण सगळे दुसरे टप्पे सारखे नसतात. गूगलच्या २०१९च्या पाहणीत एसएमएसवरील कोडने घाऊक फसवणुकीचे ९६ टक्के हल्ले रोखले, मात्र एखाद्याला हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्केच. फोनवर ‘हे तुम्हीच का?’ अशी विचारणा येण्याच्या पद्धतीत हे प्रमाण अनुक्रमे ९९ आणि ९० टक्के होते. सुरक्षा-किल्ली, म्हणजे पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण, वापरणाऱ्यांपैकी कोणीही बळी पडले नाही.

त्याच तत्त्वावर आता पासकी आली आहे. गूगलने ती मे २०२३मध्ये खुली केली. यात गणिताने जोडलेल्या दोन किल्ल्या असतात. एक कंपनीकडे, दुसरी मालकाकडे फोनमध्ये किंवा त्याच्या पासवर्ड व्यवस्थापकात. ही दुसरी किल्ली कधीही संकेतस्थळाकडे पाठवली जात नाही. बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन फक्त तिला जागे करतो. शिवाय ती खऱ्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. मात्र फोन हरवला तर काय, याचा विचार आधी करावा लागतो. दुसऱ्या उपकरणावर पासकी आणि कागदावर छापून कपाटात ठेवलेले बॅकअप कोड ही त्यावरची साधी सोय आहे.

छोट्या दवाखान्यांनी आणि लॅबनी हे अधिक गांभीर्याने घ्यायला हवे. एकच मेल पत्ता, सगळ्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा क्रमांक पर्यायी म्हणून नोंदलेला, अशा व्यवस्थेत धोका एकट्या मालकाचा नसतो. तो प्रत्येक रुग्णाचा असतो.

दाद कुठे मागायची?

परवानगीशिवाय खात्यात शिरणे हा भारतात गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सीनुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरा असल्याचे भासवून फसवणूक केल्यास कलम ६६डी लागते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे, अन्यथा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी. इशाऱ्यांचे मेल, वेळा, परके पत्ते यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत. साफसफाईच्या भरात पुरावाच पुसला जातो.

कंपनीने खातेच परत दिले नाही तर? २०२१च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच देणे आणि ७ दिवसांत ती निकाली काढणे अपेक्षित आहे. त्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. २०२३पासून ही सोय आहे, पण ती माहीत असलेले लोक थोडे. वीज किंवा गॅस जोडणी तुटली तर कार्यालयात जाऊन माणसाशी बोलता येते. ज्या खात्यावर आज बँक, कर आणि उपचार उभे आहेत, त्याच्या बाबतीत मात्र नागरिकासमोर फक्त एक फॉर्म असतो आणि त्याचा निर्णय यंत्र घेते. सरकारी आणि खासगी सेवा ई-मेलवर जितक्या अवलंबून राहतील, तितकी ही उणीव जाचू लागेल. अपील समितीचा पर्याय आहे हे लोकांना सांगण्याची जबाबदारी कंपन्यांवरही टाकायला हवी.

तोवर उरते ते घरचे काम. पर्यायी क्रमांक, पर्यायी ई-मेल, फॉरवर्डिंग आणि बॅकअप कोड या चार गोष्टी तपासायला १० मिनिटे पुरतात. घरातील ज्येष्ठांच्या खात्यात तर हा क्रमांक अनेकदा मुलाचा किंवा सुनेचा जुना असतो, म्हणून सुरुवात तिथून केलेली बरी.